विक्रीस मनाई, वाचनास नाही

हसनमियां होडेकर गेल्याची वार्ता मला फोनवरून एका शब्दात मिळाली, आणि तो शब्द होता ‘खलास’. इथे ओमानमध्ये कामाचा दिवस या शब्दाने संपतो, टँकरमधले पाणी या शब्दाने संपते, आणि नोकरीचे करारही कैकदा एवढ्याच शब्दाने संपवले जातात. त्याविरुद्ध मी आयुष्यभर आक्षेपाची पत्रे लिहीत आलो आहे. फोनवर पलीकडे सालेम होते. हसनमियांच्या दुकानाचा परवाना ज्यांच्या नावावर होता ते बरका गावचे वृद्ध अर्बाब, म्हणजे मालक. “मेश्राम... हसन खलास,” एवढे बोलून ते थांबले, आणि मग अरबीत काही पुटपुटत राहिले, त्यातला अल्लाचा उल्लेख तेवढा मला कळला. माझ्यापुढे त्या वेळी एका पाठ्यपुस्तक प्रकाशकाला लिहावयाच्या पत्राचा मसुदा होता. दोन परिच्छेद झाले होते, तिसरा सुरू होत होता. ते पत्र अजून तिथेच आहे.

मी मस्कतहून बरकाला पोहोचलो तेव्हा असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज होऊन गेली होती आणि दफनही आटोपत आले होते. समुद्राकडून येणारा दमट वारा, पायाखाली खडी, आणि एकसारख्या दिसणाऱ्या कबरींच्या रांगा... इथे कबरीवर नाव लिहिण्याची रीत नाही. डोक्याशी एक ओबडधोबड दगड, पायाशी एक, संपले. पुढच्या वर्षी हसनमियां यांतले नेमके कोणते, हे मला ओळखता येईल याची मी हमी देऊ शकत नाही. प्रत्येक गोष्ट लेखी, दिनांकित आणि स्वाक्षरीसह असावी म्हणून ज्याने उभी नोकरी भांडण्यात घालवली, त्या माणसाने अशा निनावी दगडांपुढे उभे राहून काय करावे? मी काहीच केले नाही. पुढचे कित्येक दिवस थकवा एवढा होता की रागसुद्धा येईना, आणि माझ्या घरात ते प्रकृतीचे गंभीर लक्षण समजले जाते. आता थोडा राग परतला आहे, म्हणून लिहितो आहे. त्या दगडावर जे कोणी लिहिले नाही, ते कुठेतरी लिहिलेले असावे, एवढाच या लेखाचा हेतू.

प्रथम एक खुलासा. मी वकील नाही. एका बांधकाम कंपनीच्या कंत्राट विभागात मी केस पांढरे होईपर्यंत काम केले. करारातील कलमे वाचणे आणि समोरच्या पक्षाला पत्रे लिहिणे, हे ते काम. पण हसनमियां मला पहिल्या भेटीपासून ‘वकीलसाहेब’ म्हणत आले आणि मी दुरुस्ती सुचवून थकलो. ते स्वतः रत्नागिरीच्या खाडीकाठचे. घराण्यात होड्या बांधण्याचे काम होते आणि आडनावही त्यावरूनच आले होते. पोरवयात ते ओमानमधल्या सूर बंदराला आले, तिथल्या गलबतांच्या कारखान्यात सुतारकामाला लागले, आणि लाकडी गलबतांना मागणी उरली नाही तेव्हा बरकाला येऊन सालेम यांच्या परवान्यावर त्यांनी वह्या, नकाशे आणि पाठ्यपुस्तकांचे दुकान काढले. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला टायरवाला, मध्ये हे. सूरहून येताना त्यांनी एकच मोठी वस्तू सोबत आणली होती. गलबतासाठी कापलेल्या आणि मग कोणाला नको झालेल्या सागवानी फळ्यांचे, स्वतःच्या हाताने केलेले एक लांबलचक टेबल. दुकानाचा अर्धा भाग त्या टेबलानेच व्यापला होता. तिथे आणखी कपाटे बसली असती, असे त्यांना सगळे सांगत. त्यांना ते ऐकू येत नसे.

माझी मुलगी संघमित्रा, घरात मित्रा, इथल्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली तेव्हाची गोष्ट. तिला शरीरक्रियाशास्त्राचे एक पाठ्यपुस्तक हवे होते. मस्कतमधल्या दुकानातली त्याची किंमत मी इथे नमूद करत नाही. त्या आकड्यावर मी तेव्हा पुरेशी पत्रे लिहिली आहेत. बरकाला एका रत्नागिरीकराकडे मिळेल, असे कोणीतरी सांगितले म्हणून आम्ही बापलेक एका शुक्रवारी तिथे गेलो. पुस्तक होते. टेबलावरच होते, भारतात छापलेल्या स्वस्त आवृत्तीत, मासेमारीच्या नायलॉनच्या दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेले. शेजारी यंत्रशास्त्र, मृदायांत्रिकी, अर्थशास्त्र, परिचर्या, हिशेबशास्त्र, सेंद्रिय रसायन... प्रत्येकाची एकेक प्रत, प्रत्येक बांधलेली. मी म्हणालो, “हे द्या.” ते म्हणाले, “नाय देता येणार, साहेब.” मी विचारले, विकायचे नाही तर दुकानात मांडले कशाला? ग्राहकाची ही उघड दिशाभूल आहे, आणि याबद्दल तक्रार करता येते हे आपल्याला ठाऊक आहे काय? त्यांनी शांतपणे पुस्तक पालथे केले आणि मलपृष्ठावरच्या बारीक ओळीवर बोट ठेवले. ही आवृत्ती केवळ पुढील देशांत विक्रीसाठी. अन्यत्र विक्री बेकायदेशीर. भारत होता, नेपाळ होता, बांगलादेश होता, श्रीलंका होती. “बगा, ओमानचं नाव नाय. तुमी शिकलेले, तुमीच वाचा.”

मी ती ओळ दोनदा वाचली. आयुष्यात फार थोड्या वेळा एखाद्या कलमाने मला जागच्या जागी थांबवले आहे. त्यांतली ही एक. ओळ स्पष्ट होती, निःसंदिग्ध होती, आणि माझ्या मते संपूर्णपणे निर्लज्ज होती. तीच मुलगी, तेच पुस्तक. रत्नागिरीत बसून वाचले तर कायदेशीर, आणि बापाची नोकरी समुद्राच्या या काठाला आहे म्हणून तिने त्याच पानांसाठी कित्येक पट मोजायचे. मी हे सर्व मोठ्याने बोललो असणार, कारण टायरवाला डोकावून गेला. हसनमियांनी माझे बोलणे पुरे होऊ दिले, आणि मग मला नाही, मित्राला म्हणाले, “पोरी, इकायला मनाई हाय. वाचायला कुटं मनाई लिवलेली हाय? बस.”

मित्रा बसली. ती पुढची काही वर्षे दर शुक्रवारी बसत राहिली.

त्या टेबलाची रीत अशी होती. हसनमियां सुट्टीवर गावी गेले की परतताना सामानात या आवृत्त्या आणत, प्रत्येक पुस्तकाची एकच प्रत, कारण दुसरी आणली की विकल्याचा संशय येतो असे त्यांचे म्हणणे. बाकीची पुस्तके लोक देऊन जात. आखातातली नोकरी संपली, ‘एक्झिट’ लागली, की माणूस फ्रिज विकतो, गाडी विकतो, पलंग विकतो. पाठ्यपुस्तके मात्र विकता येत नाहीत आणि विमानात वजनाला परवडत नाहीत. किनाऱ्यावरच्या सहमपासून सीबपर्यंतच्या गावांतले आमच्याकडचे अभियंते, परिचारिका, लेखापाल निघण्याच्या आठवड्यात बरकाला येत, पुस्तक टेबलावर ठेवत, आणि हसनमियां त्याला त्यांच्यासमोरच दोरी बांधत. तो एक लहानसा समारंभच असे. गाठ खलाशी पद्धतीची. मी ती कित्येकदा पाहिली, मला अजून येत नाही. मागच्या अंगणात खजुरीचे झाड होते, त्याच्या पातीच्या पट्ट्या कापून ते टेबलावर एका डब्यात ठेवत. ज्याचे वाचन जिथे थांबेल तिथे त्याने पट्टी घालायची. पान दुमडायचे नाही. दुमडलेले पान दिसले की हसनमियां ते उलगडून त्यावर तळवा दाबून उभे राहत, आणि वाचणाऱ्याला घाम फुटे.

जुम्म्याची नमाज झाली की दुकान उघडे. मित्रा आत वाचत असे आणि आम्ही दोघे बाहेर खुर्च्या टाकून चहा पीत भांडत असू. मी ‘सलाम आलेकुम’ म्हणायचे आणि त्यांनी ‘जय भीम, वकीलसाहेब’ म्हणायचे, हा आमचा क्रम अखेरपर्यंत बदलला नाही. मी त्या आठवड्यात प्रकाशकांना लिहिलेली पत्रे वाचून दाखवत असे. विद्येचे प्रादेशिक विभाजन कोणत्या न्यायतत्त्वावर आधारित आहे, असा माझा सवाल होता, आणि तो मी निरनिराळ्या शब्दांत, निरनिराळ्या पत्त्यांवर विचारत होतो. इतक्या पत्रांना मिळून एकच उत्तर आले. ‘आमच्या प्रकाशनांत आपण दाखवलेल्या रुचीबद्दल आभारी आहोत’ असे एक छापील वाक्य, आणि सोबत पूर्ण किमतींची नवी सूची. मी ती फाडणार होतो. हसनमियांनी ती माझ्या हातातून काढून घेतली, भोक पाडले, दोरी ओवली आणि टेबलाला बांधली. “असूंदे. वाचायचीच हाय ना.”

उन्हाळ्यात शाळा बंद होत, कुटुंबे भारतात जात आणि बरकात चिटपाखरू नसे. त्या महिन्यांत हसनमियां स्वतः टेबलाशी बसत आणि दर उन्हाळ्यात एकेक पाठ्यपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत. शाळा त्यांनी लहानपणीच सोडली होती. इंग्रजी ते सुतारासारखे वाचत, म्हणजे एकेक शब्द ठोकून बघत. किती समजे हा प्रश्न वेगळा. पण प्रत्येक विषयातून त्यांना काहीतरी लागे, आणि ते आम्हाला भोगावे लागे. मृदायांत्रिकीच्या उन्हाळ्यानंतर त्यांनी शिंप्याच्या घरातल्या नवराबायकोच्या भांडणात मध्यस्थी केली आणि निवाडा दिला की नवी इमारत सुरुवातीला खचतेच, माती एकदा बसली की मग काही होत नाही. शिंप्याच्या बायकोने ‘माती’ या शब्दाचा भलता अर्थ घेतला आणि महिनाभर त्यांना चहा पाठवला नाही. शरीरक्रियाशास्त्राच्या उन्हाळ्यात त्यांनी सालेम यांच्या पोटदुखीचे निदान पित्ताशयाचा विकार असे केले. म्हातारा घाबरून मस्कतच्या इस्पितळात गेला, तपासण्या झाल्या, आणि गॅस निघाला. सालेम ही हकिगत भेटेल त्याला सांगत. “डॉक्टर हसन! मेरा पेट देखा, बोला ऑपरेशन. मैंने डकार दिया, खलास!” आणि दोघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत. अर्थशास्त्राचा उन्हाळा मात्र माझ्यावर उलटला. एका शुक्रवारी मी नवे पत्र खिशातून काढतो आहे एवढ्यात ते म्हणाले, “वकीलसाहेब, घटती सीमांत उपयोगिता म्हंजे काय ता समजला मना. पयला लाडू गोड, दुसरा बरा, पाचवा नको वाटतो. तुमच्या पत्रांचं तेच झालंय.” मी तो दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. संध्याकाळी निघताना ते गाडीच्या खिडकीशी आले. “वाचा ओ. लाडू नाय, जेवण समजून ऐकतो.”

एकदा मात्र प्रसंग गंभीर होता. दुबईहून एका वितरक कंपनीचा प्रतिनिधी आला. टाय, बॅग, तोंडावर स्मित. आपल्याच देशाचा. प्रतिबंधित आवृत्त्यांची इथे विक्री होते अशी माहिती आपल्याकडे असल्याचे त्याने सांगितले, टेबलाची छायाचित्रे घेतली, आणि पुस्तके ताब्यात दिली नाहीत तर परवानाच रद्द करवू, असे हिंदीत पण अत्यंत सभ्यपणे बजावले. हसनमियांनी मला फोन केला. त्यांच्या आवाजात भीती मी प्रथमच ऐकली. दुकान गेले तर त्यांच्या राहण्याच्या व्हिशाचा आधारच जाणार होता. मागे गावी घर होते, बायको होती, मुलगा रिझवान तेव्हा शिकत होता. मी कार्यालयातून तसाच निघालो. वाटेत मनात मी उत्तर रचले. विक्री म्हणजे मोबदल्याच्या बदल्यात मालकीचे हस्तांतरण. इथे मोबदला नाही, हस्तांतरण नाही, उलट वस्तू दोरीने बांधलेली आहे. सबब विक्रीचा एकही घटक सिद्ध होत नाही. दुकानाशेजारी गाडीत बसून मी ते कागदावर उतरवले. चार पाने झाली. मला आजही वाटते की ते माझ्या हातून लिहिले गेलेले सर्वोत्तम पत्र होते.

आत गेलो तेव्हा सालेम आधीच पोहोचले होते. काठी टेकून टेबलाभोवती फिरत होते. त्यांनी आपल्या दुकानाकडे इतके निरखून यापूर्वी कधी पाहिले असेल असे वाटत नाही. “ये किताब बेचता?” त्यांनी विचारले. हसनमियांनी नकारार्थी मान हलवली. “किराया लेता?” पुन्हा मान हलली. “तो आदमी आता, बैठता, पढ़ता, जाता?” हो. म्हाताऱ्याने प्रतिनिधीकडे वळून, जणू एखाद्या अडाणी पाहुण्याला घरची रीत समजावून सांगावी तसे, सांगितले, “ये दुकान नहीं, मजलिस है. मेरा मजलिस. मजलिस में जो आया, बैठेगा. तुम भी बैठो.” आणि त्यांनी थर्मासमधून कहव्याचा लहान पेला भरून त्याच्या हातात दिला. आता इथल्या माणसाने स्वतःच्या मजलिशीत, म्हणजे बैठकीत, दिलेला कहवा हातात असताना त्याला धमकी देता येत नाही. तो बसला. दुसरा पेला झाला, खजूर झाला. निघताना त्याने पुस्तकांचा विषय काढला नाही. माझी चार पाने खिशातच राहिली. ती वाचून दाखवू का, असे मी नंतर विचारले तेव्हा हसनमियां म्हणाले, “दाखवा ना. पर आदी कहवा घ्या.”

मित्रा डॉक्टर झाली आणि परदेशी गेली. माझी पत्नी तिच्याकडे जाऊन येऊन असते. मी जुन्या कंपनीच्या वादांच्या फायली चाळण्यापुरता इथे राहिलो. मधल्या काळात टेबलाशी बसणारे कमी होत गेले. मुलांच्या हाती फोन आले, फोनमध्ये पुस्तके आली. कोणती चोरून, कोणती विकत, हे विचारण्याची मलाही उमेद उरली नाही. नव्या आवृत्त्या येत राहिल्या, जुन्या टेबलावर पिवळ्या पडत राहिल्या. तरी दर शुक्रवारी कोणीतरी येईच. एखादी परिचर्येची विद्यार्थिनी, एखादा रात्रपाळी करून पदविकेची तयारी करणारा फोरमन. हसनमियांचे गुडघे गेले होते. ते उठून दोरी बांधायचे नाहीत, खुर्चीवरूनच सांगायचे, “दोन फेरे, मग खालून... तसा नाय रे बाबा.”

शेवटची भेट या उन्हाळ्यातली. दुकानात आम्ही दोघेच होतो, वातानुकूलन यंत्र घरघरत होते. ते करार कायद्याचे पाठ्यपुस्तक वाचत होते. नोकरी सुटून गेलेल्या कोणा कारकुनाने ठेवून दिलेले, जाडजूड, कंटाळवाणे. इतक्या वर्षांत हा विषय का घेतला नाहीत, असे मी विचारले. “भ्यायचो,” ते म्हणाले. “तुमी बोलता ता सगला खरा निघाला तर?” मग त्यांनी मला खरोखर पडलेला प्रश्न विचारला. करार व्हायला दोन्ही बाजूंनी काहीतरी द्यावे लागते, असे पुस्तकात आहे. मग जे लोक जाताना पुस्तके ठेवून गेले, त्यांना काय मिळाले? मी म्हणालो, “तो करारच नव्हे, होडेकर. ते दान. दानात मोबदला लागत नाही.” “मग काय लागतं?” “घेणाऱ्याने स्वीकारावे लागते. आणि तेही देणाऱ्याच्या हयातीत. नाहीतर दान पुरे होत नाही.”  ते टेबलावर तळवा ठेवून म्हणाले, “ह्या टेबलाचं काय करनार तुमी, मी गेल्यावर?” असल्या बोलण्याचा मला तिटकारा आहे. मी म्हणालो, आधी पुस्तक पुरे करा, मग मरणाच्या गोष्टी बोला. ते हसले, पातीची पट्टी पानात घातली, आणि आतल्या बाजूला चहा टाकायला गेले...

रिझवान बहारीनहून आला, दफनानंतर. तो तिथे एका बँकेत आहे. सरळ, नम्र मुलगा. मराठी अडखळत बोलतो. जागामालकाला महिनाअखेर दुकान रिकामे हवे होते. वह्या, पेन्सिली, नकाशे उचलायला दोन दुकानदार तयार झाले. टेबलाकडे मात्र कोणी बघेना. मी पुन्हा पत्रे लिहिली. ग्रंथालयांना, महाविद्यालयांना, आपल्या लोकांच्या मंडळांना. जुन्या आवृत्त्या आम्ही स्वीकारत नाही, असे एकाने कळवले. प्रतिबंधित आवृत्ती संस्थेत ठेवणे उचित ठरणार नाही, असे दुसऱ्याने. बाकीच्यांनी काहीच कळवले नाही. मलपृष्ठावरची ती बारीक ओळ! ज्याने ती आयुष्यभर पाळली, त्याच्या मृत्यूनंतर तीच ओळ त्याची पुस्तके रद्दीत घालायला निघाली होती, आणि माझ्याकडे तिच्याविरुद्ध एकही युक्तिवाद शिल्लक नव्हता. शेवटी रद्दीवाला येऊन वजनाचा अंदाज घेऊन गेला.

त्या दुपारी रिझवान मला म्हणाला, “काका, अब्बा नेहमी सांगायचे... टेबल आणि बुक्स वकीलसाहेबांची. तुम्ही घेऊन जा ना.” माझ्या तोंडून जे बाहेर आले ते असे : “दान देणाऱ्याच्या हयातीत स्वीकारावे लागते, बेटा. आता ही वारसांची मालमत्ता. तुझी आणि तुझ्या अम्मीची.” त्याने माझ्याकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, त्यालाही थकवाच होता. “म्हणजे... तुम्हाला नको?” त्याने विचारले.  मस्कतमधले माझे घर तिसऱ्या मजल्यावर आहे, ते टेबल जिन्यातून वळणार नाही, माझा स्वतःचा व्हिसा किती दिवसांचा हे मलाच ठाऊक नाही. ही सर्व कारणे खरी होती. त्यांतले एकही त्याच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मला ते हवे होते. मला ते इतके हवे होते की मी त्या मुलाकडे पाठ करून नकाशांच्या रिकाम्या खुंट्या मोजत उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सालेम यांनी आपल्या शेतावरची गाडी आणि चार माणसे दुकानाशी आणून उभी केली. कोणी बोलावले नव्हते. “यल्ला,” ते म्हणाले, “टेबल उठाओ.” मी विचारले, कुठे? म्हाताऱ्याला माझ्या प्रश्नाचे खरोखर आश्चर्य वाटले. “मैंने उस टाय वाले को क्या बोला? मजलिस है, मेरा मजलिस. तो मजलिस का सामान किधर जाएगा?” ज्या वाक्याला मी इतकी वर्षे एका हजरजबाबी म्हाताऱ्याची सोयीस्कर सबब समजत होतो, ते त्याच्या दृष्टीने वचन होते. रिझवानने मान डोलावली. मी त्याला, निदान तोंडी तरी, स्पष्टपणे ‘दिले’ म्हणायला लावले आणि सालेम यांना ‘घेतले’ म्हणायला लावले. दोघांनी माझी हौस म्हणून ते म्हटले. माझ्या दृष्टीने त्या क्षणी व्यवहार पूर्ण झाला.

पुस्तके न्यायची तर दोऱ्या सोडाव्या लागल्या, म्हणजे कापाव्या लागल्या. त्या गाठी कोणालाच सुटेनात. आणि मजलिशीत लोक जमिनीवर, गालिच्यावर बसतात. तिथे त्या उंच टेबलाचा काय उपयोग? सालेम यांनी शेतावरच्या सुताराकडून त्याचे पाय गुडघ्याखाली कापवले. हसनमियांच्या हातच्या लाकडावर करवत चालताना मी बाहेर खजुरीच्या वाफ्यांत उभा होतो, आणि याविरुद्ध कोणाला लिहायचे ते मला सुचत नव्हते. आता ते टेबल गालिच्यावर बुटके बसले आहे, त्यावर पुस्तके मोकळी पडलेली आहेत. चोरीला जातील, असे मी म्हणालो. “मजलिस में चोर नहीं,” सालेम म्हणाले. अजून तरी गेलेली नाहीत. शुक्रवारी दार उघडे असते, कहवा असतो, आणि चार दोन मुले येतात. सालेम यांच्या नातीच्या वर्गातल्या दोघी, शेजारच्या शेतावरच्या हिशेबनिसाचा भाऊ. आवृत्ती जुनी आहे, अशी तक्रार अजून कोणी केलेली नाही.

मी जातो. पाय कापलेल्या टेबलाशी मांडी घालून बसणे माझ्या वयाला सोपे नाही. उठताना हात द्यावा लागतो. करार कायद्याच्या त्या पुस्तकात हसनमियांची पट्टी होती तिथेच होती, मध्यावर, निक्षेपाच्या प्रकरणात. एकाने आपली वस्तू विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या हवाली करणे, आणि हेतू पुरा झाल्यावर दुसऱ्याने ती परत करणे. हे प्रकरण मला तोंडपाठ आहे. या व्यवसायात ते नेहमी लागते. तरी मी पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले, त्यांच्यासारखे, एकेक शब्द ठोकून बघत. दर शुक्रवारी पान दोन पाने होतात. पात वाळली आहे, कडा तुटत चालल्या आहेत, म्हणून ती फार जपून उचलावी लागते आणि जिथे थांबलो तिथे जपूनच ठेवावी लागते. प्रकाशकाचे पत्र मी अजून पुरे केलेले नाही. करेन. पण शुक्रवारच्या दुपारी लिहिण्याची इच्छा होत नाही, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो.

माझ्या उजवीकडची उशी मी रिकामी ठेवत असे. तसे कोणी ठरवले नव्हते. परवा एक मुलगी आली, आपल्याकडचीच, परिचर्येच्या पहिल्या वर्षाची. इतर जागा भरलेल्या होत्या. ती शरीरक्रियाशास्त्राचे पुस्तक छातीशी धरून उभी राहिली आणि अडखळत विचारू लागली, “अंकल... इथे कोणी बसतं का?”

“बसत होते,” मी म्हणालो, आणि सरकून जागा केली. “तू बस.”